पिवळ्या रेघेच्या पुढे

मार्चच्या पहिल्या रविवारी मी, बायको आणि पंधरा वर्षांची मुलगी अशा तिघांनी मुल्लानपूरच्या शूटिंग रेंजवर जाऊन मुलीच्या बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणाचे नऊ हजार रुपये भरले. घराजवळची रेंज तीन हजारांनी स्वस्त होती. पण तिथे एक जण टार्गेट बदलायला पुढे गेलेला असताना दुसरा रायफल पुसत होता. इथे कोणी पुढे जाणार असेल, तर सगळे जण रायफली टेबलावर ठेवून, रिकामी असल्याची खूण म्हणून नळीत नारिंगी दोरी घालून पिवळ्या रेघेमागे येत. तो परतेपर्यंत कोणी रायफलीला हात लावत नसे. म्हणूनच मी ही रेंज निवडली.

पाचव्या रविवारी मुलगी टार्गेट बदलायला पुढे गेली. तिची रायफल टेबलाच्या कडेला आली होती. पडेल म्हणून मी रेघ ओलांडून ती उचलली.

"भाईसाहब, रख दीजिए," प्रशिक्षक हळू आवाजात म्हणाले. "सामने आपकी ही बेटी है।"

नळीत दोरी होती, रायफल रिकामी होती. पण मुलीने वळून पाहिले, तेव्हा नळी तिच्याकडे होती.

प्रशिक्षकांनी फक्त मला आत यायला मनाई केली. पुढच्या रविवारी मुलगी एकटी आत गेली आणि दहा मिनिटांत बाहेर आली.

"बाबा, मुझसे आगे नहीं जाया जाता. लगता है, पीछे कोई राइफल उठा लेगा।"

प्रशिक्षकांनी सात आठवड्यांचे पाच हजार दोनशे पन्नास रुपये तिच्या हातात परत दिले. तिने ते मला दिले आणि गाडीत नेहमीसारखी माझ्या शेजारी न बसता मागे जाऊन बसली.