डावीकडे जाणारी व्हीलचेअर

मंडळी, आज खराडीतल्या एका आयटी कंपनीत कुमुदकाकूंनी माझी पार दाणादाण उडवली.

काकू कसबा पेठेतल्या आपल्या घरातून आजारी माणसांना व्हीलचेअर, वॉकर असं सामान फुकट वापरायला देतात. नव्या सामानासाठी पुढच्या आठवड्यात देणग्या मागायला सुरुवात करायची आहे. त्याआधी या कंपनीच्या साहेबांनी हो म्हटलं, तर बाकीचेही म्हणतील, म्हणून मी बावीस स्लाइड केल्या होत्या. एकदम चकचकीत.

चौथ्या स्लाइडलाच काकू म्हणाल्या, "अहो साहेब, फोटो काय बघताय? बसून बघा."

बाईंनी मला न सांगता व्हीलचेअर टेम्पोत घालून आणली होती!

साहेब बिचारे बसले. चाकं ढकलली तशी खुर्ची डावीकडे वळून भिंतीवर आदळली. पुन्हा ढकलली, पुन्हा भिंत. मी मान खाली घातली.

"ही तुम्ही लोकांना देता?"

"देते. सांगाडाच वाकलाय, दुसरी नाही. एका आजोबांना म्हटलं, सरळ चालणारी मिळाली की आणून देते. तर म्हणाले, घाई नको, डावीकडे खिडकी आहे."

"मग दिली का?"

"नाही हो. त्याआधीच आजोबा गेले. राहूनच गेलं."

साहेब खुर्चीतून उठलेच नाहीत. तिथूनच विचारलं, "किती हव्यात?"

उरलेल्या अठरा स्लाइड मी आत्ताच डिलीट केल्या.

तुमच्या माळ्यावर एखादी व्हीलचेअर किंवा वॉकर पडून आहे का? मोडकं असलं तरी कळवा. फक्त कुठल्या बाजूला ओढतं, ते खरं सांगा. काकू विचारतात.