राजापूरची खेळाडू

राजापूरहून मुलांचा खो-खोचा संघ आमच्या रत्नागिरीच्या हायस्कुलात खेळायला आला, त्यात एक मुलगी होती. मी आमचा कप्तान. मुलांच्या संघात मुलगी चालणार नाही, अशी हरकत मी घेतली आणि पंचांनी तिला बाहेर बसवलं. सामना संपेपर्यंत ती मैदानाकडेच्या दगडी गडग्यावर बसून राहिली. खोचलेला परकर तिने सोडला नाही.

आम्ही जिंकलो. निघताना ती माझ्यापुढे थांबली.

"जिंकलात. पण मला कोणी बाद नाय केलान."

सकाळी सरावात मी तिला पळताना पाहिलं होतं. आमच्यातला एकही गडी तिला शिवू शकला नसता. नियम पुढे केला, कारण मी घाबरलो होतो. तेवढं तरी तिला सांगायला हवं होतं. मी तिचं नावही विचारलं नाही.