साहेब येणार म्हणून विहिरीची आंघोळ

खासबागेतल्या भाड्याच्या खोलीसमोर एक आड होता. एका सकाळी सिद्राम तोंडात मशेरी घालून पाणी शेंदत होता, तेव्हा बादलीबरोबर एक पाहुणा वर आला. तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा, आरपार दिसणारा, अंगभर नुसते पाय. डोळे नव्हते. जमिनीखालच्या काळोखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला डोळे हवेत कशाला? सिद्राम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. असल्या प्राण्यांबद्दल त्यानं वाचलं होतं, पण वाचलेली गोष्ट अशी बादलीत येऊन वळवळेल असं त्याला वाटलं नव्हतं. आनंदानं ओरडायला गेला आणि अर्धी मशेरी गिळून बसला.

घरमालकीण अंबुबाई ठसका ऐकून धावत आल्या. बादलीत डोकावून त्यांनी कपाळाला हात लावला.

"सासूबाईंच्या काळापासनं ह्या आडात काय निघालं न्हाय. तुमी आला आन् हे आलं!"

"आक्का, हा चांगला किडा आहे. पाणी निर्मळ असतं तिथंच राहतो. घाण झिरपली की पहिला हाच मरतो."

"किडा, आन् चांगला!" अंबुबाई म्हणाल्या, आणि दुपारच्या आत आडात जंतू मारायच्या टीसीएल पावडरीचा डबा उपडा करून मोकळ्या झाल्या.

तो एक जीव स्पिरिटच्या बाटलीत गेला आणि सिद्रामच्या पीएच.डी.चा विषय झाला. पुढं तो निपाणीच्या कॉलेजात आला आणि कल्पना आणखी स्पष्ट झाली. तंबाखूच्या वखारींचं, गटारांचं पाणी जमिनीत मुरतं. ते खालून कुठवर पसरलंय, ते हे किडे सांगतील. जवळच्या विहिरींत नसतील, लांबच्या विहिरींत असतील. जिथं ते दिसू लागतील तिथं घाणीची हद्द संपली. त्याचे गाइड, धारवाडचे हिरेमठ सर, यांना कल्पना आवडली, पण त्यांचा स्वभाव रोकडा.

"एक मेलेला किडा म्हणजे रिसर्च नव्हे. उन्हाळ्यात मी येतो. लांबच्या विहिरीतला जिवंत दाखव. नाहीतर विषय सोड, खेकडे घे."

सिद्रामला खेकडे नको होते. खेकड्यांवर सरांचे निम्मे विद्यार्थी आधीच बसले होते.

निपाणीत तो आई पारूबाईबरोबर राहायचा. तिचा जन्म वखारीत तंबाखू चाळण्यात गेलेला. धुरळ्यानं आणि चाळण्यांच्या खडखडाटानं तिचा आवाज असा झाला होता, की ती कुजबुजली तरी एसटी स्टँडावरची माणसं मान वळवून बघायची. लेकाच्या शिक्षणाचा तिला फार अभिमान, पण विषयाचं जरा अवघड वाटायचं. कुणी विचारलं तर "पाण्याचा डाक्टर हाय" म्हणायची. पाण्याला आजार काय असतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

सिद्राम बारीक जाळी घेऊन गावोगाव हिंडला. जाळी तळाला सोडायची, गाळ हलवायचा, वर काढायची. किडा सापडला नाही की भिंतीवरच्या नकाशात त्या गावावर लाल ठिपका. वखारींजवळ लाल ठिपके येणारच होते. पण ते पुढं सरकले. उसाच्या पट्ट्यात गेले, संकेश्वरच्या वाटेला लागले, डोंगर चढले. जिथं वखार नाही, कारखाना नाही, चहाची टपरीसुद्धा नाही, तिथंही विहिरी मेलेल्या. सिद्रामची झोप उडाली. अख्ख्या तालुक्याखाली विष पसरलंय की काय?

"लई कुंकू लावलंस रं नकाशाला," पारूबाई म्हणाली. "आता कुठं जायचं ऱ्हायलंय?"

"करंजवाडी. तुझं माहेर. सर पण येणार आहेत. तिथं नाही मिळाला तर संपलं."

"मिळतोय की. तू कशाला भितोस?"

करंजवाडीची मोठी विहीर मारुतीराव पाटलांची. पारूबाईच्या आईनं त्या विहिरीच्या पायऱ्या कधी उतरल्या नव्हत्या. वर घागर मांडायची, आणि कुणाला दया येऊन पाणी ओतेपर्यंत उन्हात बसायचं. पारूबाई ही गोष्ट कधी सांगायची नाही. फक्त माहेरी गेली की त्या वाटेनं जायची नाही.

त्या दिवशी मात्र ती पुढं आणि हिरेमठ सर मागं. विहिरीपाशी येऊन सिद्राम थबकला. पायऱ्या खराट्यानं झाडलेल्या. कठड्याला चुना. रहाटाला आंब्याच्या पानांचं तोरण. आणि दवाखान्यासारखा वास.

मारुतीराव फेटा सावरत पुढं झाले. "या डाक्टर, या! सोडा जाळी."

जाळी खाली गेली, वर आली. गाळसुद्धा धुतल्यासारखा. सरांनी चष्मा पुसला, परत बघितलं, आणि "खेकडे" असं एवढंच म्हणाले.

"कसं हाय पाणी?" मारुतीरावांनी विचारलं.

"आण्णा, तुम्ही विहिरीत काय टाकलंत?"

"टीसीएल! दुप्पट! सायेब येणार आन् हीर तशीच ठेवायची व्हय? पारूआक्कानं गुरुवारच्या बाजारात सांगितलंतं न्हवं, माझा लेक किडं हुडकायला येतोय म्हणून. समद्या गावांनी घातली. आमची हीर काय मागं ऱ्हाणार?"

सिद्रामनं सावकाश आईकडं पाहिलं. प्रत्येक गावाला जायच्या आधी गुरुवार होता. प्रत्येक गुरुवारी बाजार होता. आणि प्रत्येक बाजारात आई होती.

"आई! विष तू पसरवलंस!"

"मी? मी फकस्त एकीच्या कानात सांगायची!"

"तुझ्या कुजबुजीनं बैल बुजतात!"

सर मोठ्यानं हसले. सिद्रामला हसू येईना. खालची घाण मोजायला निघाला होता आणि त्याच्या स्वागताचा मानपानच विहिरींना मारत सुटला होता.

"तोंड पाडू नकोस," पारूबाई म्हणाली. "तुझ्या मामाची हीर ऱ्हायलीया की."

"तिथं पण सांगितलं असशील."

"आपल्या माणसांस्नी काय सांगायचं? घरच्या पोरासाठी कोण अंगण सारवतंय?"

मामाची विहीर म्हणजे वस्तीमागं ओढ्याकाठी, आपल्या हातांनी खणलेला खड्डा. भोवती दगड, उतरायला चार ओबडधोबड पायऱ्या, वर करंजाची सावली. कुणी झाडलं नव्हतं, कुणी तोरण बांधलं नव्हतं. मामा "जयभीम" म्हणून परत विडी ओढू लागला. सिद्रामनं जाळी सोडली. गाळ हलवला, वर काढली.

पांढऱ्या बशीत पाणी ओतलं. क्षणभर काहीच नाही. मग तळाचा एक कण चालू लागला. मग दुसरा. मग बशीभर, डोळे नसलेली ती मंडळी आपापल्या कामाला निघाल्यासारखी तुरुतुरु पांगली.

सर गुडघ्यांवर बसले आणि उठायचं विसरले. शेवटी म्हणाले, "ह्या भागातलं सगळ्यात चांगलं पाणी बघितलं मी. खेकडे राहू देत."

मागं गर्दी जमली होती. मारुतीरावांना ते ऐकू गेलं. ते खाकरले, गेले, आणि थोड्या वेळानं घासलेली पितळी कळशी घेऊन परत आले.

"डाक्टर, ह्यातलं दोन-चार आमच्या हिरीत सोडाय मिळतील का? गावात नाव ऱ्हायला पायजे."

"आधी पावडर बंद करा, आण्णा. पाणी बरं झालं तर ते आपले आपणच येतील. खालून वाटा असतात त्यांना."

"मग पेयाला तरी कळशीभर…"

पोहरा हातात घेऊन पारूबाई खालच्या पायरीवर उभी होती. विहिरीत न बघता ती मारुतीरावांकडं बघत राहिली. मारुतीराव कळशी दगडावर मांडून, उन्हात, फेट्यासकट उभे. तिनं पान तोंडात घातलं. सावकाश चावलं. मामाची विडी विझली.

मग ती बाजूला सरकली.

"तिथं उनात कशाला हुबं? या की खाली. पायऱ्या नीट बघून उतरा, पाटील. झाडल्याल्या न्हाईत."