हौदातला चौथरा

प्रयोगशाळेतल्या उंदरांशी लाडाने बोलणारी एकच बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत. पिंजरे धुणं, उंदीर गोल हौदात सोडणं आणि पोहून दमलेल्याला टॉवेलने पुसणं, ही तिची कामं. हौदातल्या पांढरट पाण्याखाली एक छोटा चौथरा दडवलेला असे. धडधाकट उंदीर भिंतीवरची चित्रं बघून त्याची जागा लक्षात ठेवत आणि थोड्या दिवसांत नेमके तिथे पोचत. मेंदूला इजा केलेले मात्र कडेकडेने गरगर फिरत राहत. बघवत नसे अगदी.

मावशीच्या घरीही तेच चाललं होतं. शिडीवरून पडून डोक्याला मार बसल्यापासून तिच्या नवऱ्याला राहत्या घरात बाथरूम सापडत नसे. "आपल्याच घरी पाहुणा झालो बघ," असं तो वर म्हणे. दिवसभर त्याच्यापाशी नणंद थांबे. पण तिलाही तिचा संसार होता, आणि ती आता परत निघाली होती.

म्हणून नवं औषध दिलेले जखमी उंदीर चौथऱ्याकडे सरळ पोहू लागले, तेव्हा मावशीचा जीव भांड्यात पडला. "बाई, माणसांना कधी मिळेल हो हे?" तिने प्रयोग करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना न राहवून विचारलं.

बाईंना मात्र शंका आली होती. "मावशी, औषध दिलेल्यांच्या वेळी तुम्ही टॉवेल घेऊन रोज चौथऱ्याच्याच बाजूला उभ्या असता. आज पलीकडच्या बाजूला जा बरं."

मावशी गेली. बाईंनी उंदीर सोडला. तो क्षणभर थबकला आणि चौथऱ्याकडे पाठ फिरवून थेट तिच्याकडे पोहत आला. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या वेळी तिने डोळेच मिटले. औषधाचा काडीचा गुण नव्हता. तिला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला.

घरी आली तर नणंदेची बॅग भरून तयार. "वहिनी, दादा सुधारला हो! काल संध्याकाळी तुमच्यासमोर कसा सरळ बाथरूमला गेला. बघा, आताही निघालाय."

मावशी बाथरूमच्या दाराशी हात पुसत उभी होती. नवरा तिच्याकडे बघत येत होता. ती गुपचूप स्वयंपाकघरात सरकली.

तो मधेच थांबला. भिंतीला हात लावून त्याने खोलीला एक फेरी मारली, मग आणखी एक. "अगं, कुठे गेलीस?" त्याचा आवाज कापरा झाला होता.

मावशीने धावत येऊन त्याचा हात धरला.

"वन्सं, बॅग उघडा," ती म्हणाली. "त्यांना बाथरूम सापडत नाही. मी सापडते."