चुलीवरचा म्हातारा

राठोड सर बारा वर्षं आमच्या कॉलेजात आहेत आणि बारा वर्षं नवीनच आहेत. दर जूनला त्यांची मुलाखत होते. ज्या माणसांबरोबर ते मार्चपर्यंत रोज चहा पितात, त्याच माणसांपुढं फाईल उघडून बसतात आणि "आपलं नाव?" या प्रश्नाला "देविदास थावरा राठोड" असं गंभीरपणे उत्तर देतात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला हे सगळं सोसावं लागतं. पहिली दोन वर्षं मला त्यांची दया यायची. पुढं माझ्या कायम नोकरीची लाज वाटायला लागली. आता काहीच वाटत नाही. मी मराठी शिकवतो, मला कुणी काढू शकत नाही, म्हणून हे एवढं मोकळेपणानं लिहितोय.

एम. ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला एक ऐच्छिक पेपर आहे: युरोपातलं साहित्य आणि संस्कृती, इंग्रजी अनुवादातून. कायमच्या लोकांनी तो कधी हातात धरला नाही, म्हणून तो राठोड सरांच्या गळ्यात पडला. पटावर पाच नावं, वर्गात दोन पोरं. कुठं रशिया आणि कुठं हिंगोली जिल्हा. रशियनचं इंग्रजी कुणीतरी लंडनात बसून केलेलं, त्या इंग्रजीचं मराठी राठोड सर फळ्यासमोर उभं राहून करणार, आणि सरांची स्वतःची घरची बोली बंजारा. एवढ्या हातांतून गेल्यावर दुधात पाणी पडायचंच.

त्या पेपराला एक रशियन कादंबरी आहे. तिचं खरं नाव आमच्याकडं कुणी घेत नाही, सगळे तिला 'म्हाताऱ्याची कादंबरी' म्हणतात. तिच्यात एक म्हातारा बाप सगळा हिवाळा चुलीवर झोपून काढतो. खाली सुना स्वयंपाक करतात, भांडतात, आणि हा वरून खोकतो. माणूस चुलीवर झोपतो म्हणजे काय, हा प्रश्न राठोड सरांना पहिल्याच वर्षी पडला. शब्दकोशात पाहिलं तर चूल, शेगडी, एवढंच. विचारायला कुणी नव्हतं. मग त्यांनी स्वतःच अर्थ लावला. घरात जागा नाही, सुनांना सासरा नको आहे, म्हणून म्हाताऱ्याला विझलेल्या चुलीवर टाकलंय. नोट्समध्ये 'वृद्धांची उपेक्षा' असा मथळा देऊन त्यांनी यावर दीड पान लिहिलं.

सरांचं अक्षर मोत्यासारखं. त्या नोट्स बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं ठेवून घेतल्या आणि त्या पार नांदेड-परभणीपर्यंत गेल्या. प्रश्न एक वर्षाआड हमखास येतो. पोरं दीड पान पाठ करतात, आणि पेपर तपासणारेही बहुतेक तेच दीड पान पाठ करून पास झालेले असतात. मीसुद्धा माझ्या वर्गात एकदा ठोकून दिलं होतं, "आपण बरे म्हणायचे, रशियात तर म्हाताऱ्याला चुलीवर टाकतात." पोरांनी माना डोलावल्या. एवढ्या माणसांनी मिळून चूक केली की ती चूक राहत नाही, अभ्यासक्रम होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात सरांनी म्हाताऱ्याचं प्रकरण शिकवलं आणि त्याच रविवारी ते आपल्या तांड्यावर गेले. तांडा डोंगरकडा गावाजवळ आहे. तिथं त्यांचा धाकटा भाऊ किसनसिंग शेती करतो, आणि आई रूपाबाई त्याच्याकडं असायची. सर सकाळी लवकर पोहोचले तर भाऊ आणि भावजय शितल पुढच्या स्लॅबच्या खोलीत पलंगावर, आणि आई मागं स्वयंपाकघरात, चुलीला पाठ लावून, गोधडीत मुटकुळं करून झोपलेली. सरांच्या डोक्यात कालपरवाचं प्रकरण ताजंच होतं. ते भडकले. अंगणात उभं राहून सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं बोलले. किसनसिंग म्हणाला, "तिची जागा हाय ती. तिनंच धरलेली हाय." सरांनी ऐकलं नाही. त्याच दिवशी आईचं बोचकं बांधून ते तिला आपल्या भाड्याच्या घरी घेऊन आले. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद.

त्या काळात सर स्टाफरूममध्ये जरा ताठ चालायचे. "साहित्यानं माणूस बदलतो, सर," असं मला म्हणाले होते. मला त्यांचा हेवा वाटला होता, कारण मराठी साहित्यानं माझ्यात काही बदल झाल्याचं माझ्या बायकोला अजून दिसलेलं नाही.

मी त्यांच्या घरी गेलो की रूपाबाई लोखंडी पलंगावर बसलेली दिसायची, खाली फरशी, स्वयंपाकाला गॅस. हिवाळ्यात तिचे पाय सुजायचे आणि खोकला संक्रांतीपर्यंत जायचा नाही. सरांनी जाड ब्लँकेट आणलं, मग दुसरं आणलं. ती कधी तक्रार करायची नाही. एकदाच मला म्हणाली, "गुरुजी, हितं इस्तू न्हाई." मी म्हणालो, "विस्तव कशाला, गॅस आहे की, बाई." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि बोलणं सोडून दिलं.

यंदा त्या वर्गात राजनंदिनी आली. हट्टा गावच्या शेतकऱ्याची पोरगी, रोज एसटीनं येणारी, आणि प्रश्न विचारायची वाईट खोड असलेली. सरांनी दीड पान सांगून झाल्यावर ती उठली. "सर, सुना त्याच्याच खाली सैपाक करून राहिल्यात असं लिवलंय. मग चूल विझलेली कशी?"

बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सरांनीही नाही. ते म्हणाले, "अनुवादात चूक असेल."

आठवड्यानं ती मोबाईल घेऊन थेट स्टाफरूममध्ये आली. कुठल्यातरी रशियन खेड्यातल्या जुन्या घराचा व्हिडिओ होता, खाली इंग्रजी अक्षरं येत होती. विटांची, चुन्यानं सारवलेली चूल, अर्धी खोली व्यापणारी. खालच्या तोंडात भाकरी भाजत होती आणि वर माळ्यासारखी जागा, तिच्यावर अंथरूण. अंथरुणात एक म्हातारी बसून हसत होती. अक्षरं सांगत होती की घरातली सगळ्यात उबदार जागा हीच, म्हणून ती म्हाताऱ्यांना आणि लेकरांना देत.

"सर, टाकलेलं न्हाई त्याला," राजनंदिनी म्हणाली. "मान देऊन ठेवलंय."

सरांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. दोनदा पाहिला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला आधी वाटलं, नोट्स चुकल्याचं मनाला लागलं असेल. नंतर मला रूपाबाई आठवली. चार हिवाळे ती बाई त्या लोखंडी पलंगावर खोकत होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात खरं सांगितलं. मी बाहेर व्हरांड्यात होतो. "बारा वर्षं मी हे चुकीचं शिकवलं," असं ते स्वच्छ म्हणाले. वर्गातला दुसरा विद्यार्थी रामकिशन, त्यानं शांतपणे विचारलं, "मग सर, पेपरात काय लिवायचं?"

तपासणाऱ्याच्या हातात कोणत्या नोट्स असणार हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक.

"पेपरात जुनंच लिहा," ते म्हणाले.

राजनंदिनीनं वही मिटली. "मी खरं लिवणार, सर."

रविवारी ते माझ्याकडं आले, "सर, तुमची गाडी मिळेल का? याडीला तांड्यावर सोडायचंय." याडी म्हणजे आई. मी माझी जुनी गाडी काढली. रूपाबाई मागं बोचकं मांडीवर घेऊन बसली. वाटेत हळदीची शेतं पिवळी पडत आलेली, कुठं हरभरा. ती काचेतून बघत होती. तिला का नेतोय हे सरांनी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं.

किसनसिंग अंगणातल्या ओट्यावर बसला होता. तो उठला नाही. शितलनं सासूच्या पाया पडून पाणी आणलं. सर उभ्याउभ्याच म्हणाले, "चुकलं माझं, किसन. याडीला तिच्या जागेवर आणलंय."

"जागा ऱ्हायली कुठं?" किसनसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "दोन वर्षं झाली, चूल काढली. घरात गॅस आला. तुमी याडीला नेल्यावर चूल कोणासाठी पेटवायची?"

आम्ही मागं गेलो. स्वयंपाकघर चकचकीत झालं होतं. खाली पांढरी फरशी, ओटा, ओट्यावर गॅस, भिंतीला डब्यांची रांग. रूपाबाई कोपऱ्यापर्यंत गेली, खाली बसली आणि फरशीवर तळहात ठेवला. मग भिंतीवर ठेवला. धुराचा काळा डाग रंग दिल्यावरही तिथं थोडासा दिसत होता.

सर तिच्याशेजारी फरशीवरच बसले. चांगली पँट, कॉलेजची. तिच्याशी ते त्यांच्या बोलीतच बोलले. बारा वर्षं शेजारी बसून मला ती थोडी कळायला लागली आहे. पुस्तकात एक म्हातारा होता, ते सांगत होते, तो चुलीवर झोपायचा, मला वाटलं घरच्यांनी त्याला टाकलंय, म्हणून मला तुझंही तसंच वाटलं.

रूपाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुझे बापू गेल्यावर मी ही जागा धरली," ती म्हणाली. "पाठीला ऊब लागायची. पहाटं उठून फुंकर घातली की इस्तू तयार." मग तिनं लेकाला विचारलं, "पुस्तकाला काहून इचारलं, देवा? मी तर हितंच व्हते."

शितल दारात उभी होती, ती पदरानं डोळे पुसत अंगणात गेली. किसनसिंग अजून बाहेरच्या ओट्यावरच होता.

चूलच नाही म्हणून सर तिला परत चल म्हणाले, पण म्हातारीनं नकार दिला. ती कोपऱ्यातून हललीच नाही. शितलनं गोधडी आणून तिथंच अंथरली. चूल परत घालायची म्हटलं तर फरशी फोडावी लागेल, एवढं किसनसिंग म्हणाला. फोडतो असंही म्हणाला नाही, नाही फोडत असंही नाही. आम्हाला निघावं लागलं, कारण सोमवारी सरांचा अकराचा तास होता, आणि तासिकेवरचा माणूस रजा घेत नाही.

डोंगरकडा मागं पडला. मग ते म्हणाले, "सर, बारा वर्षं मी त्या म्हाताऱ्याची कीव केली."

मी गाडीच्या काचा वर केल्या, कारण गार वारा आत यायला लागला होता.