चुलीच्या वेळेला क्रशर बंद

राजधानीतल्या द्वारकेत तेव्हा जिकडेतिकडे सोसायट्या उगवत होत्या आणि माझी नोकरी त्यांच्या रस्त्यांना लागणाऱ्या खडीपाशी येऊन अडकली होती. खडी जिथे फुटते तिथल्या माणसांवर काय परिणाम होतो ते विचारत फिरायचं आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम. रस्ता मंजूर, ठेकेदार ठरलेला, क्रशर धडधडायला लागलेले, मग आम्ही जाऊन विचारायचं, "कुछ तकलीफ है?" मला या प्रश्नाचा मनापासून वीट आला होता. घरी पोचले की केसांतून पांढरी भुकटी निघायची. नवरा म्हणायचा, "यार, तू ऑफिसला जातेस की पिठाच्या गिरणीत?"

अरवलीच्या पायथ्याच्या एका हरयाणवी गावात आमची बैठक सरपंचांच्या अंगणात ठरली, कारण चौपालीवर, म्हणजे गावच्या चावडीवर, बायका पाय ठेवत नसत. सरपंच वयस्कर होते. डोंगरालगतची जमीन त्यांनीच क्रशरवाल्याला भाड्याने दिली होती. पुरुष खाटांवर बसले, बायका घुंगट ओढून भिंतीशी. मी विचारायचं बायकांना आणि उत्तर यायचं खाटांवरून: काम मिळालं, सगळं बढ़िया आहे.

मग भिंतीशी बसलेली सरपंचांची सून बोलली. तिथे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, घरातल्या एखाद्या मुलाला मध्ये घालून बोलते. त्या दिवशी तिने मला मध्ये घातलं.

"दीदी, इनसे कह दो, रोटी के टैम मशीन बंद करवा दें. आटे में धूल पड़ती है."

सासरे समोरच होते, त्यांना स्वच्छ ऐकू गेलं होतं. तरी ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी तेच वाक्य त्यांना पुन्हा सांगितलं.

"बहू को बोलो, आटा उसी मशीन से आता है."

मी भिंतीकडे वळून तेही सांगितलं.

"इनसे कह दो, फिर गेहूं क्यों पिसवाना? सीधा पत्थर ही पिसवा लें."

खाटांवर कुणीतरी हसलं. मला हसायचंही त्राण नव्हतं. घुंगटाआडून पुन्हा आवाज आला, या वेळी हळू.

"और ये भी कह दो, इनकी खांसी सारा घर सुनता है. पानी मैं ही गरम करती हूं."

हे मात्र मला सांगवेना. सांगायची गरजही नव्हती. सरपंचांनी हुक्क्याची नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "बोलो बहू को, शाम को बंद रहेगी."

परतताना, किती महिन्यांनी, मला त्या कामाचं बरं वाटलं. मी ते अहवालात ठळक लिहिलं. आमच्या साहेबांनी वाचलं आणि ते वाक्य खोडलं. "ये तो उनके घर की बात है, इम्पॅक्ट थोड़ी है." धुळीच्या आधी त्यांनी 'तात्पुरती' हा शब्द घातला. मी भांडले, चांगला आवाज चढवून भांडले. मग दमले आणि गप्प बसले.

हिवाळ्यात दुसरी फेरी झाली. गावात शिरलो तेव्हा संध्याकाळच्या चुली पेटल्या होत्या आणि क्रशर चालूच होता. ठेकेदाराला रस्ता वेळेत द्यायचा होता. जमीन भाड्याने दिल्यावर सरपंचांचं कोण ऐकतो. अंगणात सून घुंगटातच रोट्या थापत होती, परातीवर फडकं टाकलेलं. जवळच्या खाटेवर सरपंच पडले होते. त्यांना मी ओळखलंच नाही, इतके ते वाळले होते. त्यांनी मात्र मला ओळखलं. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत हात वर करून मला थांबवून ठेवलं.

"बहू को बोलो," ते म्हणाले, "मुझे अंदर कर दे. यहां धूल बहुत है."

सून दोन पावलांवर होती. तिने हातातली रोटी खाली ठेवली होती, पण ती उठली नव्हती. माझ्याकडे बघत थांबली होती.

मी तिला सांगितलं.