तिसऱ्या क्वार्टरमध्ये काय बिघडलं

मी पुण्याहून सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात आले, तेव्हा माझे पहिले साहेब मेलबर्नचे होते. ऑफिसात आम्ही सगळे त्यांना नावानेच हाक मारायचो. घरी नवऱ्याशी मराठीत बोलताना मात्र ते आपोआप 'साहेब' झाले आणि तसेच राहिले. सोमवारी सकाळी त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं, शनिवारी त्यांचा फुटबॉलचा संघ जिंकला की हरला.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू लांबट, मैदान क्रिकेटचंच, दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब. सामना चार भागांचा, म्हणजे चार क्वार्टरचा. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथाडला तर सहा गुण आणि बाजूच्या फटीतून गेला तर एक.

"म्हणजे नेम चुकला तरी गुण देतात?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"हो," साहेब म्हणाले. "म्हणून तर हरल्यावर जास्त त्रास होतो."

जेवणाच्या सुट्टीत ते मला फोनवर सामन्यातले तुकडे दाखवायचे. मला काही कळत नसे तेव्हापासूनच मी त्यांच्याशी वाद घालायला लागले, आणि वाद घालता यावा म्हणून खेळ शिकले. ते निवृत्त झाले तरी मेलबर्नला परतले नाहीत. त्यांची बायको इथलीच, सिंगापूरची चिनी. दोघं बेडोकला तिच्या आईवडिलांच्या जुन्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मग दर मोसमात आमचा शनिवार ठरून गेला. मेलबर्नची दुपार म्हणजे इथली सकाळच, त्यामुळे सामना त्यांच्या घरी बघायचा आणि खाली हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, जेवता जेवता त्याची चिरफाड करायची. मी, जहाजावरून सुट्टीवर आलेला असला तर माझा नवरा, आणि इथल्या शाळेत शिकवणारे ॲडलेडचे एक मास्तर. नवरा मरीन इंजिनीअर. कुठलाही पराभव त्याला इंजिनातला बिघाड वाटतो. मास्तर नेहमी पंचांना दोष द्यायचे. साहेबांचं आणि माझं कधीच पटत नसे. मी उजवं म्हटलं की ते डावं म्हणणार.

गेल्या डिसेंबरात साहेबांना पक्षाघाताचा झटका आला. ते वाचले, चालायलाही लागले, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. म्हणजे त्यांना सगळं समजत होतं, नुसता शब्द हाताशी येत नव्हता. पाणी हवं असलं की 'खिडकी' म्हणायचे, चुकलं हे त्यांना लगेच कळायचं आणि ते डोळे मिटून घ्यायचे. हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा मी वेड्यासारखी एकटीच बोलत सुटले. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, त्यांना श्वास घेऊ दे जरा."

मार्चमध्ये मोसम सुरू झाला. पहिले दोन सामने आम्ही आपापल्या घरी बघितले. जावं की नाही, कुणालाच सुचत नव्हतं. आमचा संघ, म्हणजे साहेबांचाच, दोन्ही जिंकला होता, पहिला तर सहज. तिसऱ्या शनिवारी सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. "तुम्ही येताय ना? गळ्यात संघाचा लोकरी स्कार्फ घालून तो टीव्हीसमोर बसलाय. त्याला उकडू नये म्हणून एसी लावून लावून मी गारठले."

आम्ही पासिर रिसच्या आमच्या घरून निघालो. मास्तर आधीच पोचले होते. अर्ध्या वेळेपर्यंत आमचा संघ छान पुढे होता, नवरा तर सामना सोडून रात्रीच्या जेवणातल्या सुरमईच्या गप्पा मारायला लागला होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये काय झालं देव जाणे. समोरच्यांनी एकामागून एक गोल चढवले आणि आमचे खेळाडू चेंडूच्या मागून नुसते पळत राहिले. शेवटच्या क्वार्टरमध्ये संधी पुन्हा आमच्याकडे आल्या, पण प्रत्येक लाथ बाजूच्या फटीत. एक, एक, एक. थोडक्यात हरलो. साहेबांनी डाव्या हाताने स्कार्फ काढला आणि एक कचकचीत शिवी हासडली. अगदी स्वच्छ, पूर्वीसारखी. आम्ही चमकून बघितलं.

"शिव्या गेलेल्या नाहीत," त्यांची बायको म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, त्या वेगळ्या कप्प्यात असतात."

खाली हॉकर सेंटरवर गर्दी होती. त्यांच्या बायकोने इथल्या रीतीप्रमाणे टिश्यूचं पाकीट ठेवून एक टेबल धरलं. नवरा कोपीचे, म्हणजे इथल्या दाट कॉफीचे, कप घेऊन आला, नूडल्स आल्या. आम्ही नेहमीसारखं सुरू केलं खरं, पण सगळेच जपून बोलत होतो. मास्तर म्हणाले, पंचांचं काही चुकलं नाही. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते.

साहेबांनी हात वर केला. त्यांना काही सांगायचं होतं. "ते... ते... मंगळवार."

"मधली फळी?" मास्तरांनी विचारलं.

मान नाही म्हणाली.

"दुखापती? कोच?" मी.

"त्याला शब्द पुरवू नका," त्यांची बायको शांतपणे म्हणाली. "थांबा नुसतं."

आम्ही थांबलो. शेजारच्या टेबलावरच्या ताटल्या उचलून झाल्या. नूडल्स गार झाल्या. साहेबांनी कोपीचे कप ओढून टेबलावर मांडले, त्यातला एक पुढे सरकवला, पुन्हा मागे आणला, पुन्हा पुढे. शेवटी म्हणाले, "पाय."

"पाय?"

"आधी... पळाले. जास्त. मग... पाय... संपले."

म्हणजे पहिल्या अर्ध्या सामन्यात जीव तोडून पळाले आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये दमले. मास्तर म्हणाले, "अगदी बरोबर." नवरा म्हणाला, "इंजिन सुरुवातीलाच फुल स्पीडला टाकलं की असंच होतं." मीही म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. तेच झालं."

मला ते पटलेलं नव्हतं. सामना नेमबाजीत गेला होता, पायांत नाही. पण तीन महिन्यांनी माणसाने एक वाक्य जुळवलं होतं, ते खोडून काय काढायचं?

साहेबांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. मग डावा हात टेबलावर इतक्या जोरात आपटला, की माझी कोपी सांडली.

"नाही!" माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तू. तू... नेहमी... नाही म्हणतेस."

त्यांची बायको टिश्यूने टेबल पुसायला लागली आणि पुसता पुसता मला म्हणाली, "मग म्हण की. घरी मी, थेरपिस्ट, येणारे-जाणारे, सगळे त्याला हो म्हणतात."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मराठीत म्हणाला, "होऊ दे."

मग मी सांगितलं. पाय दमले होते तर शेवटच्या क्वार्टरमध्ये इतक्या संधी कशा आल्या? दमलेला संघ खांबांपर्यंत पोचेलच कसा? पोचलो आणि नेम चुकलो. सामना तिथे गेला. आधी हळू बोलले, मग माझा आवाज नेहमीसारखा चढला. "तुमचं म्हणणं चूक आहे," हेही म्हणून टाकलं.

साहेब पुढे झुकून ऐकत होते. मध्येच हात वर करायचे, शब्द शोधायचे, मी थांबायचे. एकदा 'ट्रेन' म्हणाले, स्वतःच डोकं हलवलं, पुन्हा प्रयत्न केला. "दमलेले... पाय... नेम... वाकडा." म्हणजे नेम चुकला तोही पाय दमल्यामुळेच. हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मास्तरांना राहवलं नाही, त्यांनी एका निर्णयावरून पंचांना नावं ठेवायला घेतली, तेव्हा साहेब आणि मी दोघांनीही त्यांना गप्प केलं. वाद काही मिटला नाही. आम्ही उठलो तेव्हा साहेबांचा शर्ट घामाने भिजला होता आणि ते पार थकले होते. लिफ्टपाशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी की कशासाठी, विचारलं नाही.

बसमध्ये नवरा म्हणाला, "तुला त्यांचं पटलं ना शेवटी?"

"अर्धं," मी म्हटलं.

संघाचा मोसम वाईटच गेला. पुढचेही बरेच सामने हरलो, त्यामुळे वादाला खाद्य कमी पडलं नाही. साहेबांची वाक्यं हळूहळू लांब झाली. आकडे अजून अडतात, त्यामुळे गुणसंख्या आम्हीच सांगतो. नवरा मे महिन्यात पुन्हा जहाजावर गेला. एका शनिवारी हॉकर सेंटरवर असताना त्याचा फोन आला. "आज कशामुळे हरलो?" मी फोन साहेबांपुढे धरला. त्यांनी घसा साफ केला आणि सावकाश सुरुवात केली. मध्येच रेंज गेली आणि फोन कट झाला. मी त्यांना खूण केली, फोनचा काळा पडदा दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि आम्हाला उरलेलं वाक्य सांगून पूर्ण केलं.